गेलेला हात परत आला पाहिजे

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत आपल्या एका गटातील ताईंनी केलेले हे भाषण. सभेला येऊ न शकलेल्या अनेक सख्यांनी ते मागितले, म्हणून येथे देत आहोत.)



मला म्हणल्या, तुमची लेक बॉक्सिंग खेळती ना, त्यावर बोला. मी म्हणलं, अहो, मी हळद काढणारी, शिजवणारी बाई, मी काय बोलू? पण मागचं सव्वा वर्ष मी रोज संध्याकाळी अंगणात लेकीसमोर पॅड धरून उभी राहते. तेवढ्यात जे कळलं ते तुम्हाला सांगते. तुमच्यापैकी कुणाची लेक, नात, पुतणी खेळायचं म्हणत असेल तर उपयोगी पडेल.

माझी लेक अकरावीत असताना पहिल्यांदा विभागीय स्पर्धेत उतरली आणि हरली. डोळ्याखाली काळंनिळं घेऊन घरी आली. सासूबाई म्हणल्या, "पोरीचं तोंड बिघडलं तर करंल कोण?" घरचे म्हणले, "झालं ना एकदा खेळून? आता बस." त्यांचंही चुकलं नव्हतं. बापाला लेकीच्या तोंडावरचा मार बघवत नाही. भावकीतून एक स्थळही आलं होतं. लेक तेव्हा सतरा वर्षांची, म्हणजे लग्न लावणं गुन्हाच. पण बोलणं सुरू झालं होतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

त्या लढतीचा व्हिडिओ तिच्या मैत्रिणीनं मोबाइलवर घेतला होता. मी तो रात्री पाच-सात वेळा बघितला. पहिल्या फेरीत लेकीच्या तोंडावर सात ठोसे बसले होते. एक-एक थांबवून बघितलं, तर सातपैकी पाच वेळा एकच गोष्ट. ती डावा हात मारायची, आणि तो हात गालाजवळ परत यायच्या ऐवजी खाली छातीपाशी यायचा. तेवढ्यात समोरचीचा ठोसा मोकळ्या जागेतून आत. ताकद कमी नव्हती, हिंमत कमी नव्हती. हात जात होता, परत येत नव्हता.

आपल्या गटात कर्ज दिलं की काम संपतं का? परतफेड झाली तर गट टिकतो. ठोशाचंही तसंच आहे, बायांनो. गेलेला हात परत आला पाहिजे, आणि ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं आला पाहिजे.

तिच्या सरांना व्हिडिओ दाखवला. सर म्हणले, आता दोन महिने नवीन काही शिकायचं नाही. उभं राहणं, पाय आणि डावा हात, एवढंच. लेक रुसली. तिला हुक शिकायचा होता, अपरकट शिकायचा होता. नव्या पोरींचं हेच होतं. चार ठोसे अर्धवट शिकतात, एकही पक्का नाही. म्हणून सरांनी जे सांगितलं ते क्रमानं सांगते.

पहिलं उभं राहणं. उजव्या हाताची मुलगी असेल तर डावा पाय पुढं, उजवा मागं, दोन्हीत खांद्याएवढं अंतर. दोन्ही पाय एका रेषेत ठेवले तर ढकललं की पडते. गुडघे थोडे सैल, मागची टाच जराशी उचललेली. हनुवटी खाली, दोन्ही मुठी गालाजवळ, कोपरं बरगड्यांशी. कोपरं बाहेर गेली की पोट उघडं पडतं.

दुसरं पाय. पुढं जायचं तर पुढचा पाय आधी, मागं यायचं तर मागचा आधी. डावीकडं डावा आधी, उजवीकडं उजवा आधी. पाय एकमेकांवरून ओलांडायचे नाहीत. आम्ही अंगणात फक्कीनं चौकोन आखला आणि लेक पहिले दहा मिनिटं एकही ठोसा न मारता नुसती त्यात फिरायची. शेजारचे हसले. हसू द्या.

तिसरं डावा हात, ज्याला जॅब म्हणतात. सरळ जातो, शेवटाला मूठ वळते, तळवा खाली होतो, खांदा हनुवटी झाकतो. लागताना मनगट सरळ, अंगठा मुठीच्या बाहेर. मार पहिल्या दोन बोटांच्या पेरांवर यावा. मारताना नाकानं फुस्स करून श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. आणि लगेच हात गालावर. मागच्या उजव्या हाताची ताकद दंडात नसते, मागचा पाय आणि कंबर वळली तरच ती येते. जात्यावर बसलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही.

आता माझं काम. जुन्या वाकळेचे तुकडे चार-पाच पदरी शिवून हातात घालायचे दोन पॅड केले. पॅड माझ्या खांद्याच्या उंचीवर धरते, फार लांब धरत नाही, नाहीतर पोरगी हवेत हात फिरवायला शिकते. तिचा हात परत गालावर आला नाही की दुसऱ्या पॅडनं तिच्या गालाला हलकं टेकवते. मारायचं नाही, टेकवायचं. पहिल्या आठवड्यात फार वेळा टेकवावं लागलं. दोन महिन्यांनी कधीमधी.

दोन कडुलिंबांच्या मध्ये कासरा बांधला, तिच्या खांद्याएवढ्या उंचीवर. त्याखालून गुडघे वाकवून इकडून तिकडं जायचं. कमरेतून वाकायचं नाही, नजर समोर. समोरून येणाऱ्या ठोशाखालून निघायला हे शिकवतं. सोयाबीनच्या रिकाम्या कट्ट्यात जुने कपडे दाबून भरले आणि बॅग केली. त्यात वाळू भरू नका. वाळू तळाला बसून दगड होते आणि मनगट दुखावतं. बॅगेवर मारायच्या आधी हाताला पट्टी गुंडाळायचीच. आणि मोबाइल खिडकीत ठेवून आठवड्यातून एकदा व्हिडिओ घ्यायचा. बघताना एकच चूक शोधायची, दहा नाही. ती सुधारली की पुढची.

वेळ किती? मोठ्यांच्या लढतीत तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात, मधे एक मिनिट विश्रांती. लहान वयोगटात फेऱ्या छोट्या. आम्ही घड्याळ लावून तेवढंच करतो. थकल्यावर हात खाली पडतो, म्हणून शेवटच्या अर्ध्या मिनिटाकडं माझं जास्त लक्ष असतं.

आता आयांनी कान देऊन ऐकायचं ते. खरा सामना-सराव, म्हणजे एकमेकींना मारण्याचा, रोज करायचा नसतो, आणि सर हजर असल्याशिवाय कधीच नाही. डोक्याचं हेडगार्ड आणि दातांचं गार्ड घातल्याशिवाय नाही. डोक्याला मार लागून मुलीचं डोकं दुखलं, उलटी झाली, चक्कर आली, तीच तीच गोष्ट विचारायला लागली किंवा झोपाळली, तर खेळ तिथंच बंद. त्या दिवशी परत उतरायचं नाही आणि लगेच डॉक्टरला दाखवायचं. "काही होत नाही" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, मग तो कुणीही असो.

आणि वजन. खेळ किलोच्या गटात होतो, म्हणून पोरी वजन उतरवायला उपाशी राहतात, पाणी पीत नाहीत. आपल्याकडं आधीच पोरींच्या अंगात रक्त कमी. उपाशी पोरगी हरते आणि आजारीही पडते. माझ्या लेकीला मी सांगितलं, वरच्या गटात खेळ, पण जेवून खेळ.

मोठ्या खेळाडूंचं थोडं सांगते. नांदेडहून रेल्वेनं धर्माबाद ओलांडलं की पुढं तेलंगणातलं निजामाबाद लागतं. तिथली निखत जरीन. तिला सुरुवातीला तिच्या वडिलांनी शिकवलं. तोंडाला लागून घरी आली तेव्हा तिच्या आईलाही लग्नाचीच काळजी पडली होती. २०११ मध्ये ती लहान वयोगटात जगात पहिली आली. मोठ्यांच्या गटात पहिली यायला २०२२ उजाडलं, इस्तंबूलमध्ये. मधे ११ वर्षं गेली, २०१७ मध्ये खांदा निखळून शस्त्रक्रिया झाली. २०२३ मध्ये दिल्लीत ती पुन्हा जगज्जेती झाली. आपल्या महाराष्ट्रातली नागपूरची अल्फिया पठाण, पोलिसाची लेक, २०२१ मध्ये पोलंडमध्ये युवा जगज्जेती झाली. आणि मुलींचं बॉक्सिंग ऑलिम्पिकमध्ये आलंच मुळी २०१२ मध्ये, त्याच वर्षी मणिपूरच्या मेरी कोमनं कांस्यपदक आणलं, जुळ्या मुलांची आई झाल्यावर. हे सांगते ते तुमची लेक जगज्जेती होईल म्हणून नाही. वर्षं लागतात, हे कळावं म्हणून.

राज्य सरकारच्या नोकरीत पात्र खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी लागणारी पदकं सगळ्यांना मिळत नाहीत. त्या भरवशावर अभ्यास सोडू देऊ नका.

माझी लेक बारावीत परत उतरली. परत हरली. पाच पंचांपैकी तिघांनी समोरचीला दिलं, दोघांनी हिला. घरी आली तेव्हा तोंडावर एक ओरखडा नव्हता. तो व्हिडिओ घरच्यांनी पण बघितला, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर कडुलिंबाला बांधलेला कासरा सैल झाला होता, तो त्यांनी स्वतः ओढून बांधला होता. स्थळाचं बोलणं नंतर कुणी काढलं नाही.

आता मागणं. तिच्या ग्लोव्हजसाठी आणि दातांच्या गार्डसाठी मी गटातून अंतर्गत कर्ज मागितलं तेव्हा एका ताईंनी विचारलं, "हे काय गरजेचं आहे का?" प्रश्न बरोबर होता, तो विचारलाच पाहिजे. मी प्रत्येक हप्ता वेळेवर भरला. माझं म्हणणं एवढंच, की अर्जात कारण म्हणून "मुलीच्या खेळाचं साहित्य" लिहिलं असेल तर तो अर्ज बाजूला ठेवू नका, शेळीच्या अर्जासारखाच तपासा.

आणि दुसरं. प्रत्येक ग्रामसंघानं ठराव घ्यावा, की गावातल्या समाजमंदिरात किंवा शाळेच्या मैदानावर संध्याकाळी एक तास मुलींचा, आणि त्या तासाला गटातली एक बाई पाळीपाळीनं हजर. शिकवायला तिला काही येत नसलं तरी चालेल. मला तरी कुठं येत होतं? बसायचं, बघायचं, आणि पोरीचा हात खाली आला की म्हणायचं, "हात वर, बाई."

एवढं बोलते आणि थांबते. घरी जाऊन पॅड धरायचेत.