हा आळस नाही, आजाराचा थकवा आहे

बचत गटांची समन्वयक म्हणून मी तुमच्या गावागावांत फिरते. आज मात्र हप्ता, कर्ज, प्रोसिडिंग यातलं काही बोलणार नाही. आज माझ्या घरातलं सांगते.

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. पाच वर्षांपूर्वी त्यांना कंपवात झाल्याचं कळलं. डॉक्टर त्याला पार्किन्सन म्हणतात. हात थरथरतो, चाल मंदावते, अंग ताठरतं, हे सगळ्यांना दिसतं. थकवा मात्र कुणाला दिसत नाही. सकाळी तोंड धुऊन वेणी घातली की आत्या दमून बसायच्या. शेंगा फोडता फोडता त्यांची मान खाली जायची.

एक दिवस चुलीवर दूध ठेवलं आणि त्यांना तिथंच डुलकी लागली. दूध उतू गेलं. पदर चुलीच्या तोंडाशी होता. मी ओरडले, "रात्री झोपता, दिवसाही झोपता, एवढं पण होत नाही का?" आत्या काही बोलल्या नाहीत. पण त्या महिन्यापासून त्यांनी गटाच्या बैठकीला येणं सोडलं. ज्या बाईनं घरोघरी जाऊन आमचा गट उभा केला, ती म्हणायला लागली, "मी आता कामाची नाही."

पुढच्या तपासणीला मी स्वतः सोबत गेले आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी जे समजावलं ते तुम्हालाही सांगते.

आपल्या मेंदूत डोपामिन नावाचं रसायन तयार होतं. कंपवातात ते तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. हालचालीवर परिणाम होतो तो त्यामुळंच. पण थकवा हाही या आजाराचाच भाग आहे. कितीतरी जणांना तो असतो. त्यात आणखी भर पडते. रात्री लघवीला उठावं लागतं, कूस बदलता येत नाही, झोप मोडते. काही गोळ्यांनी दिवसा गुंगी येते, कधी अचानक झोप लागते. उभं राहताना रक्तदाब उतरतो. मन उदास असलं तरी अंगात त्राण राहत नाही. शिवाय रक्त कमी असणं, थायरॉईड, बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता ही कारणंही तपासून घ्यावी लागतात. सगळं कंपवातावर ढकलून बसू नये.

घरी आल्यावर आम्ही गटाची एक जुनी वही काढली. गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, डुलकी कधी, रात्री किती वेळा उठल्या, असं पंधरा दिवस लिहिलं. मग दिसलं की रात्री चार-चार वेळा उठणं होतं आणि एका गोळीनंतर तासाभरात झोप यायची. वही दाखवल्यावर डॉक्टरांनी त्या गोळीची मात्रा बदलली. मैत्रिणींनो, हे डॉक्टरांनी केलं, आम्ही नाही. कंपवाताची गोळी आपल्या मनानं कधीही बंद करायची नाही. ते जिवावर बेतू शकतं.

आता आम्ही काय पाळतो ते ऐका. गोळीचा गुण आल्यावर आत्यांचं अंग मोकळं होतं. आंघोळ, फिरणं, निवडणं-टिपणं ही कामं त्याच वेळात. एक काम, मग बसणं, मग दुसरं काम. आंघोळ स्टुलावर बसून. सकाळच्या उन्हात रोज चालणं, कारण झेपेल एवढ्या व्यायामानं थकवा वाढत नाही, कमी होतो. दुपारी तीनच्या आत अर्धा तास झोप, त्याहून जास्त नाही. संध्याकाळी चहा बंद. पाणी दिवसभर भरपूर, रात्री कमी. अंथरुणातून उठताना आधी काठावर बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं.

लेवोडोपाची गोळी असेल तर डाळ, दूध, अंडी यांच्यासोबत ती नीट लागू पडत नाही. म्हणून ती जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभरानं घेतात. तुमच्या माणसाचं वेळापत्रक डॉक्टरांना विचारा. पण डाळ-दूध तोडू नका, ताकद त्यातूनच येते.

आणखी एक. आमच्याकडे कुणीतरी खाजकुइलीच्या बियांची पूड आणून दिली होती. त्या बियांत लेवोडोपा असतं हे खरं आहे. पण म्हणूनच गोळीच्या जोडीला ती घेतली तर मात्रा जास्त होऊ शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

ज्याला अचानक झोप लागते त्यानं चुलीपाशी, विहिरीवर एकटं बसू नये, गाडी चालवू नये. आमच्याकडे आता चूल माझ्याकडं आणि भाजी चिरायचं, लसूण सोलायचं आत्यांकडं. काम काढून घेतलं नाही, बदललं.

आणि सांभाळणाऱ्या बाईलाही थकवा येतो. मी आत्यांवर ओरडले तेव्हा मीही दमलेलीच होते. आता रात्रीचं उठणं मी आणि घरधनी वाटून घेतो. मदत मागायला लाजू नका.

आमच्या गटानं बैठक दुपारची सकाळी दहाला आणली. त्या वेळी आत्यांना हुशारी असते. गेल्या महिन्यात त्या आल्या. या आजारात अक्षर बारीक होतं, तशी त्यांची सहीसुद्धा मुंगीएवढी झाली आहे. अध्यक्षताई म्हणाल्या, "चालेल आत्या, सही तुमचीच आहे."

तुमच्या गावात कुणी असं दिवसा पेंगत असेल, तर आळशी म्हणण्याआधी एकदा विचारा, "रात्री झोप लागली का?" आणि आशाताईंना सांगून त्यांना दवाखान्यात न्या. माझ्याकडून ते विचारायचं राहिलं होतं. तुमच्याकडून राहू नये.