घड्याळ कुठल्या हातात?



घड्याळ कुठल्या हातात बांधायचं, हा काय रेडिओवर बोलायचा विषय आहे का, असं काहींना वाटलं असेल. डाव्या हातात बांधायचं, झालं! पण डाव्याच का, असं विचारून बघा. कोणी सांगतं, हृदय डावीकडे असतं म्हणून. कोणी सांगतं, पुरुषांनी डाव्या आणि बायकांनी उजव्या हातात बांधावं असं शास्त्र आहे. आता मनगटी घड्याळ आपल्याकडे रुळलं ते विसाव्या शतकात. त्याचं जुनं शास्त्र येणार कुठून?

खरं कारण आहे घड्याळाच्या चावीत. तबकडीवरच्या तीनच्या आकड्याशेजारी जो लहानसा गोल खुंटा असतो, तो. सेलवरची घड्याळं येण्याआधी तो रोज फिरवावा लागायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी घड्याळ बंद. शिवाय रेडिओवर वेळ सांगितली की तो ओढून काटे मिळवायचे, हे तर आपल्या पिढीनं रोज केलंय. हे बोटांच्या चिमटीचं, नाजूक काम. बहुतेक माणसं उजव्या हाताची, म्हणून चावी उजव्या हाताला सापडेल अशी बसवली आणि घड्याळ गेलं डाव्या मनगटावर. आणखी एक गोष्ट. उजवा हात सतत कुठेतरी आपटतो, घासतो, पाण्यात जातो. काच फुटू नये म्हणून कमी राबणारा हात बरा.

मनगटावर येण्याआधी पुरुषांची घड्याळं खिशात असत. मनगटावरचं घड्याळ म्हणजे बायकांचा दागिना समजला जाई. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना खिशात हात घालून घड्याळ काढणं परवडेना. खिशातल्याच घड्याळांना तारेच्या कड्या जोडून ती पट्ट्यानं हाताला बांधली, आणि युद्ध संपेपर्यंत पुरुषांची लाज गेलेली होती. आपल्याकडे १९६१ साली बंगळुरूला एचएमटीनं जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं घड्याळांचा कारखाना काढला. त्यातल्या ‘जनता’ नावाच्या, चावीच्या घड्याळानं कितीतरी नवरदेवांची मनगटं सजवली.

पण दोन्ही हात सारखेच राबत असतील तर? त्यासाठी आता भिवंडीकडे येऊ. हे यंत्रमागांचं गाव. इथल्या कुठल्याही गल्लीत शिरलात की खटखट कानावर येते. माग सुरू करायचं हँडल कुठल्या बाजूला आहे त्यावरून मागसुद्धा उजव्या हाताचा किंवा डाव्या हाताचा असतो. दोन रांगांच्या मधल्या बोळात उभा राहिलेला विणकर एका वेळी अनेक माग सांभाळतो. तुटलेली सुताची तार शोधायची, गाठ मारायची, आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली रिकामी कांडी काढून भरलेली घालायची, पुन्हा हँडल मारायचं. कधी हा हात पुढे, कधी तो. त्याला विचारा, घड्याळ कुठल्या हातात बांधता? कामावर असताना खरं शहाणं उत्तर एकच: कुठल्याच नाही.

कारण सांगतो. साध्या मागावर धोटा मिनिटाला शंभराहून जास्त फेऱ्या मारतो. शेजारी मोटारीचा पट्टा, दातेरी चाकं. घड्याळाचा पट्टा मजबूत असतो, सहज तुटत नाही. आणि तोच त्याचा धोका. तो अडकला तर तुटण्याआधी हात ओढला जातो. अंगठी, कडं, मनगटावरचा जाड दोरा यांचंही तेच. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २२ व्या कलमात असं म्हटलं होतं की यंत्र चालू असताना त्याची तपासणी किंवा तेलपाणी करायचं असेल, तर ते त्यासाठी खास शिकवलेल्या कामगारानंच करावं आणि त्याच्या अंगावर घट्ट बसणारे कपडे असावेत. सैल बाहीची एवढी धास्ती, तर मनगटावरच्या पट्ट्याबद्दल वेगळं काय सांगायचं!

शिवाय मालाचंही नुकसान आहे. स्टीलच्या साखळीपट्ट्याच्या फटीत ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्याची, तार अडकली की तुटते, आणि एक गाठ मारायला वाकलेला माणूस तीन गाठींचं काम वाढवून ठेवतो. हवेत तरंगणारं कापसाचं तूस पट्ट्याच्या सांध्यांत बसतं, तेल लागतं, घामानं खाली कातडी लाल होते. म्हणून घड्याळ खिशात, नाहीतर भिंतीवर. तशीही विणकराची मजुरी मिनिटांवर ठरत नाही, विणलेल्या मीटरवर ठरते. त्याला वेळ हवी असते ती चहाची, नमाजाची आणि पाळी सुटण्याची. त्यासाठी भिंतीवरचं घड्याळ पुरतं.

मनगटाशिवाय घड्याळ वापरणाऱ्यांत सगळ्यात मोठं नाव गांधीजींचं. त्यांचं घड्याळ कमरेला लटकत असे. गंमत अशी की त्यांचे दोन्ही हात लिहिते होते. १९०९ साली इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला परतताना ‘किल्डोनन कॅसल’ या बोटीवर त्यांनी ‘हिंद स्वराज’ लिहिलं. उजवा हात दुखायला लागला की ते डाव्या हातानं लिहीत. अशा माणसानं कुठलं मनगट निवडलं असतं?

बायकांचा हिशेब पुन्हा वेगळा. आपल्याकडे घड्याळाची गाठ बांगड्यांशी. काच आणि धातू एकमेकांवर आपटतात, म्हणून एका हातात बांगड्या आणि दुसऱ्या हातात घड्याळ, अशी वाटणी झाली. त्यावर आजीबाई म्हणणार, हात ओका नको. मग घड्याळामागे एखादी सोन्याची बांगडी सरकली. नोकरीला जाणाऱ्या कितीतरी जणींनी हा तह निमूटपणे करून टाकला, आणि मला तो फार समंजस वाटतो.

डावखुऱ्यांचं काय? दहा माणसांत साधारण एक डावखुरा. त्यानं उजव्या मनगटावर घड्याळ बांधलं की चावी कोपराकडे तोंड करते. तिथे डावा हात आडवा नेऊन ती फिरवायची म्हणजे कसरतच. म्हणून नऊच्या आकड्याजवळ चावी असलेली घड्याळं निघाली. पण ती थोडी, आणि बहुधा महाग. सेलच्या घड्याळानं हा त्रास बहुतेक संपवला. चावीला हात लागतो तो वेळ चुकली किंवा सेल बदलला तर. कारण गेलं, सवय मात्र डाव्या हातात तशीच राहिली.

हातावर पावलं मोजणारं नवं घड्याळ असेल तर मात्र हाताचा प्रश्न पुन्हा येतो. ते चालणं मोजत नाही, हाताची हालचाल मोजून पावलांचा अंदाज करतं. उजव्या हातात बांधून पोळ्या लाटल्या तर त्यातलीही काही पावलं मोजली जाण्याची शक्यता. म्हणून अशी अनेक घड्याळं पहिल्यांदा विचारतात, कुठल्या हातात बांधणार? ते उत्तर खरं द्या.

एका बाबतीत आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. मूत्रपिंडाच्या आजारात डायलिसिस करावं लागतं, तेव्हा बऱ्याच रुग्णांच्या हातात रोहिणी आणि शीर जोडून फिस्टुला करतात. तो शक्यतो कमी वापराच्या हातात करतात, म्हणजे बहुतेकांच्या डाव्या, घड्याळाच्याच हातात. त्या हातावर घट्ट पट्टा, बांगडी, रक्तदाबाचा पट्टा काही नको. रक्ताचा प्रवाह अडला तर तो फिस्टुला बंद पडू शकतो. आयुष्यभराची सवय मोडून घड्याळ दुसऱ्या हातात न्यायचं. घरात असं कोणी असेल तर लक्ष ठेवा. कार्यक्रमाला जाताना नटण्याच्या घाईत जुना हात आपोआप पुढे होतो.

आणि मुलांसाठी पहिलं घड्याळ घेणार असाल, तर दुकानात दोन्ही मनगटांवर बांधून बघा. बक्कल मुलालाच लावायला सांगा. ज्या हातानं ते पटकन लागतं, त्याच्या विरुद्ध मनगटावर घड्याळ राहू द्या. उजवं निघालं तर उजवं. पट्ट्याखाली एक बोट सहज जाईल एवढी जागा ठेवा, आणि खेळताना ते काढून दप्तरात ठेवायला सांगा.