प्रिंट काढल्यावर उघडी पडणारी चूक

प्रोग्रॅम बिघडला की मध्ये प्रिंट टाकून आतल्या किमती पाहायच्या, हे इथल्या निम्म्या मंडळींच्या हातचं काम आहे; ते समजावत बसत नाही. माझा मुद्दा त्यापुढचा आहे. प्रिंट असेपर्यंत प्रोग्रॅम नीट चालतो, काढला की कोसळतो, आणि कोणीतरी म्हणतं, ‘मग राहू दे की!’ आपण हसलात, म्हणजे हे वाक्य ओळखीचं आहे. माझं म्हणणं असं की तो प्रिंट उपाय नव्हे, पुरावा आहे. छापायला वेळ लागतो. अनेक थ्रेड एकदम छापू लागले तर एकमेकांसाठी थांबतात, आणि एकाच किमतीवर तुटून पडलेल्या दोन थ्रेडांचा क्रम तेवढ्यात योगायोगाने जुळतो. सी भाषेत स्थानिक व्हेरिएबलला सुरुवातीची किंमत दिली नसेल, तर आधीच्या फंक्शनने स्टॅकवर सोडलेलं काहीही त्यात सापडू शकतं, प्रिंटही फंक्शनच. दोन्हीकडे चूक प्रिंटच्या आधीपासून आहे.

वेळ चूक कशी झाकतो, हे थेरॅक-25 या किरणोपचार यंत्राने दाखवलं. 1985 ते 1987 या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना त्याने अतिप्रचंड मात्रा दिली, काही दगावले. टेक्सासमधल्या टायलरच्या रुग्णालयात त्यामागचं एक कारण सापडलं. यंत्रातली चुंबकं जागेवर यायला सुमारे आठ सेकंद लागत; तेवढ्यात ऑपरेटरने पडद्यावरची नोंद दुरुस्त केली, तर प्रोग्रॅमला ती कळतच नसे. सावकाश टाइप करणाऱ्याला चूक दिसली नाही, सरावलेल्या हाताला दिसली. आधीच्या थेरॅक-20 मध्येही तीच चूक होती, पण तिथे स्वतंत्र विद्युत-सुरक्षा असल्याने यंत्र नुसतं बंद पडे. थेरॅक-25 वर सावकाश हात जे करत होता, तेच आपला प्रिंट करतो.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, पण एक आक्षेप टाळता येणार नाही. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी 1985 मध्ये टँडेम कंपनीच्या अहवालात अशा निसटत्या चुकांना ‘हायझेनबग’ म्हटलं आणि पुन्हा प्रयत्न केल्यावर त्या बहुधा नाहीशा होतात, असं मांडलं. मग प्रिंटने त्या टळल्या तर बिघडलं कुठे? फरक असा की ग्रे यांच्या मांडणीत पडलेल्या प्रोसेसची जागा घेणारी दुसरी प्रोसेस होती, आणि अर्धवट काम मागे फिरवणारं ट्रान्झॅक्शन होतं. तिथे चूक घडणार हे धरूनच रचना केली होती. प्रिंट असली कसलीच हमी देत नाही. वेगळा कंपायलर किंवा वेगवान प्रोसेसर आला की जुळलेला क्रम पुन्हा मोडू शकतो. म्हणून प्रिंटसह आणि प्रिंटविना, दोन्ही प्रती जपा. थ्रेड सॅनिटायझर आणि व्हॅलग्रिंड यांसारखी साधनं चालवा, कंपायलरचे इशारे वाचा. प्रिंट जरूर काढा, पण तो काढल्याने फरक का पडला, हे एका वाक्यात लिहिता येईपर्यंत काम संपलं असं समजू नका.