पगार थांबतो त्या दिवसासाठी



आम्ही बँकेच्या काउंटरवर बसणारे कारकून. महिन्याच्या सुरुवातीला वृद्ध मंडळी पासबुक पुढे करतात आणि विचारतात, "पेन्शन जमा झाली का?" नोंद पाहून कोणी समाधानाने जातो, कोणी गप्प होतो. कष्ट दोघांनीही केलेले असतात. मग फरक कशाने पडतो?

कारखान्यात किंवा कंपनीत काम करणाऱ्यांसाठी 1995 साली कर्मचारी पेन्शन योजना आली. तिचा हिशेब सोपा आहे. पेन्शनपात्र पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणावे आणि 70 ने भागावे. या पगाराची मर्यादा सप्टेंबर 2014 मध्ये 15,000 रुपये ठरली. 58 व्या वर्षी पेन्शन मिळण्यासाठी निदान 10 वर्षांची नोकरी लागते.

समजा, एकाने तीन ठिकाणी 6, 6 आणि 10 वर्षे काम केले. पहिल्या दोन नोकऱ्या सुटताच त्याने पेन्शनचे पैसे काढले. एकदा बहिणीच्या लग्नासाठी, एकदा घराच्या पत्र्यांसाठी. हिशेबात उरली 10 वर्षे. पगार 15,000 धरला तर पेन्शन बसते 2,143 रुपये. पैसे न काढता सेवा जोडून घेतली असती तर 22 वर्षे झाली असती. 20 वर्षे भरली की 2 वर्षे वाढवून मिळतात, म्हणजे 24. पेन्शन झाली असती 5,143 रुपये. दरमहा 3,000 रुपयांचा हा फरक जन्मभराचा, आणि मागे राहणाऱ्या पत्नीची पेन्शनही त्याच प्रमाणात घटते.

लग्नकार्य अडते, हे आम्हालाही ठाऊक आहे. त्यासाठी प्रॉव्हिडंट फंडातून नियमानुसार उचल मिळू शकते. पेन्शनला मात्र हात लावू नका. नोकरी बदलली तर जुने खाते नव्या नोकरीत वर्ग करून घ्या.

धुणीभांडी करणाऱ्या भगिनी, रिक्षाचालक, फेरीवाले यांच्यासाठी 2015 पासून अटल पेन्शन योजना आहे. वय 18 ते 40 असावे आणि आयकर भरणारा नसावा. साठीनंतर 5,000 रुपये पेन्शन हवी असेल, तर 18 व्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला दरमहा 210 रुपये पडतात. 40 व्या वर्षी तेच 1,454.

आम्ही स्वतः एप्रिल 2010 नंतर बँकेत लागलो. आधीच्या सहकाऱ्यांसारखी ठरलेली पेन्शन आम्हाला नाही. म्हणून हा उपदेश आम्ही प्रथम स्वतःलाच करतो.

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर वडिलांचे फंडाचे कागद एकदा वाचून पाहा. म्हातारपणी कोणापुढे हात पसरावा लागू नये, याची तयारी तरुणपणीच करावी लागते.