बॅटरी बदलण्यापूर्वी गाडी तपासा

(शहापूर, जि. भंडारा येथे शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपला हा धानाचा पट्टा. रोवणीच्या धामधुमीत घरची जुनी जीप किंवा मोटार पंधरा-पंधरा दिवस अंगणात उभी असते. मग एखाद्या रात्री आजारी माणसाला भंडाऱ्याला न्यायची वेळ येते आणि किल्ली फिरवली की गाडी नुसती ‘टक’ करते. दुसऱ्या दिवशी आपण नवी बॅटरी आणतो. महिनाभराने तीही उतरते, कारण मूळ दोष तसाच राहिलेला असतो. धान पिवळे पडले म्हणून दर वेळी युरिया देऊन भागत नाही. जस्ताची कमतरताही असू शकते. गाडीचेही तसेच आहे. आधी निदान करावे, मग खर्च.

यंत्रणा कशी चालते?

बॅटरी म्हणजे आपली बोडी समजा. सेल्फ त्यातून थोड्या वेळात भरपूर वीज उपसतो. इंजीन सुरू झाले की पट्ट्यावर फिरणारा डायनॅमो किंवा अल्टरनेटर ती पुन्हा भरतो. जुन्या अ‍ॅम्बॅसॅडर, पद्मिनी या गाड्यांत डायनॅमो व कट-आउट असे. मारुती ८०० मध्ये अल्टरनेटर आला. बोडी रिकामी होण्याची कारणे तीन : बोडी फुटली, भरण बंद झाले किंवा कुठे गळती लागली. पाट तुंबला तर भरलेल्या बोडीचे पाणीही शेतात पोचत नाही. गाडीत हा पाट म्हणजे वायरी आणि टर्मिनल.

१) प्रथम डोळ्यांनी पाहा

टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, घासा, घट्ट आवळा व वरून व्हॅसलीन लावा. बॅटरीपासून इंजीन व बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी अवश्य पाहा. पावसाळ्यात ती गंजते. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबल्यास साधारण अर्धा इंच दबावा. झाकणे असलेल्या बॅटरीत पाणी प्लेटांच्या वर १० ते १५ मि.मी. असावे. कमी असल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. विहिरीचे पाणी किंवा अ‍ॅसिड घालू नये. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात पाणी लवकर आटते.

२) हेडलाइट लावून सेल्फ मारा

• दिवे एकदम विझले : टर्मिनल सैल किंवा गंजलेले.
• दिवे मंद झाले व इंजीन जड फिरले : बॅटरी उतरलेली, किंवा सेल्फ अडकत आहे.
• दिवे तसेच राहिले, आवाज नाही : स्विच, सोलेनॉइड किंवा त्यांची वायर.
• भराभर ‘टक-टक’ : बॅटरी कमजोर किंवा जोड सैल.
• इंजीन जोमाने फिरते पण सुरू होत नाही : बॅटरी व सेल्फ ठीक, इंधन किंवा ठिणगी पाहा. डिझेल गाडीत नळीत हवा शिरली का, ते पाहा.

३) मल्टिमीटरने तीन नोंदी घ्या

साधा मल्टिमीटर घरी ठेवावा. त्याच्या तारा बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांना लावून नोंदी घ्या.

पहिली नोंद गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. रिकामी असेल तर बाहेरून चार्ज करूनच पुढच्या नोंदी घ्या.

दुसरी नोंद सेल्फ मारताना. भरलेल्या बॅटरीचा काटा ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. गेला तर बॅटरी तरी अशक्त आहे, नाही तर सेल्फ प्रमाणाबाहेर वीज ओढतो. हायड्रोमीटर असल्यास सहाही खणांची घनता पाहा. भरलेल्या खणात ती १.२६० ते १.२८० असते. एकच खण इतरांपेक्षा ०.०५० ने मागे असेल तर तो निकामी झाला, आणि मग बॅटरी बदलणे योग्य.

तिसरी नोंद इंजीन थोडे रेस करून. १३.८ ते १४.४ व्होल्ट असल्यास भरण ठीक. काटा साडेबाराच्या वर जातच नसेल तर पट्टा, कार्बन, कट-आउट किंवा अल्टरनेटरचे डायोड तपासून घ्या. काटा १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला. अशाने पाणी उकळून नवी बॅटरीही खराब होते. डायनॅमो इंजीन मंद चालताना नीट भरत नाही, म्हणून त्याची नोंद वेग वाढवूनच घ्यावी.

किल्ली फिरवल्यावर चार्जिंगचा लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजीन सुरू होताच विझला पाहिजे. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीची वीज याच दिव्यातून मिळते. एवढासा बल्ब उडाला तरी चार्जिंग बंद पडू शकते.

४) गळती शोधा

तिन्ही नोंदी ठीक, तरी सकाळी बॅटरी उतरलेली? मग किल्ली काढा, दारे लावा, अर्थची वायर सोडा आणि ती वायर व टर्मिनल यांच्यामध्ये १२ व्होल्टचा छोटा बल्ब जोडा. जुन्या साध्या गाडीत तो लागता कामा नये. लागला तर एकेक फ्यूज काढा. ज्या फ्यूजने बल्ब विझेल त्या लाइनमध्ये गळती आहे. एकही फ्यूज काढून विझला नाही तर अल्टरनेटरची वायर सोडून पाहा. डायोड खराब असू शकतो.

काळजी

चार्ज होताना बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो. जवळ बिडी, काडी नको. वायरी सोडताना अर्थची आधी सोडा व जोडताना शेवटी जोडा. इंजीन चालू असताना बॅटरी काढू नका, अल्टरनेटर जळतो. अ‍ॅसिड अंगावर उडाल्यास भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेल्यास पाण्याने धूत राहा व ताबडतोब दवाखाना गाठा. जुनी बॅटरी घरी फोडू नका. तीत शिसे असते. ती विक्रेत्याकडे परत द्या.

हीच पद्धत १२ व्होल्टच्या ट्रॅक्टरलाही लागू पडते. तिन्ही नोंदी कागदावर लिहून तो कागद ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या. कोणता भाग बिघडला हे आकड्यांवरून दिसले की दुरुस्ती तेवढ्याच भागाची होते. आणि ही तपासणी रोवणी लागण्यापूर्वी करा. अडचणीच्या रात्री गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली पाहिजे.