गुंठाभर रान



मुळशी तालुक्यातले हिंजवडी आपण सारे ओळखतो. इथला म्हातोबा, चैत्री पौर्णिमेचे बगाड, भोवतीची शेते. गेल्या शतकाच्या अखेरीस इथे आयटी पार्क आला. शेतांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. बागाही झाल्या, पण त्यांत हिरवळ, फरशी आणि शोभेची चार झाडे! दुपारी सावली शोधावी लागते.

मग करायचे काय? बागेच्या एका कोपऱ्यात गुंठाभर रान लावायचे.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. मुळशी-मावळात देवराया आहेत. देवाच्या नावाने राखलेले रान, तिथे कुऱ्हाड चालत नाही. जपानातही देवळांभोवती अशी राने आहेत. ती अभ्यासून अकिरा मियावाकी (१९२८-२०२१) या शास्त्रज्ञांनी थोड्या जागेत दाट रान वाढवण्याची रीत बसवली.

रीत सोपी आहे. जमीन खोल खणायची. तिच्यात शेणखत आणि भाताचे तूस मिसळायचे. पाऊस लागला की चौरस मीटरला तीन-चार रोपे लावायची. म्हणजे गुंठ्यात तीनशे ते चारशे झाली. वर पेंढा पसरायचा. दाटीमुळे रोपे उजेडासाठी चढाओढीने वाढतात. खाली सावली पडते, ओल टिकते.

रोपे मात्र इथलीच हवीत. उंबर, करंज, जांभूळ, बहावा, बेल. खाली करवंद, अडुळसा, निरगुडी. गुलमोहोर दिसतो छान, पण तो मादागास्करचा. उंबराच्या फळांवर आपली किती पाखरे जगतात, पाहा बरं!

आणि हे रान गवताळ माळावर लावू नये. माळ ओसाड वाटला, तरी तोही पाखरांचे आणि किड्या-मुंग्यांचे घर आहे.

आता खरी अडचण ऐका. रोप लावायला पुष्कळजण येतात. पाऊस असतो, फोटो निघतो. वैशाखात पाणी घालायला कोण येतो? पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी आणि खुरपणी हवीच. ती चुकली की रोपे जळतात, पैसा आणि कष्ट मातीत जातात. ती झाली, की पुढे रान आपले आपण वाढते.

म्हणून आधी पाण्याच्या पाळ्या ठरवू, मग कुदळ उचलू. वाडवडिलांनी देवाला दिलेल्या शब्दाखातर रान राखले. आपण एकमेकांना दिलेला शब्द पाळू.