न बोललेली दीना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



बायबलच्या पहिल्या पुस्तकाचं नाव ‘उत्पत्ती’. त्याच्या ३४व्या अध्यायात एका मुलीची गोष्ट आहे. अध्याय लहानसाच, ३१ वचनांचा. याकोबाला मुलगे पुष्कळ, पण जिचं नाव आपल्याला कळतं अशी मुलगी एकच, दीना. आसपासच्या मुलींना भेटायला म्हणून ती घराबाहेर पडते. तिथल्या सरदाराचा मुलगा शखेम तिला पाहतो, धरून नेतो आणि तिच्याशी दुर्वर्तन करतो. नंतर त्याचं तिच्यावर मन जडतं. हीच मला बायको करून द्या, म्हणून तो बापाच्या मागे लागतो. बाप बोलणी करायला येतो. दीनाचे भाऊ अट घालतात, तुमच्यातल्या सगळ्या पुरुषांनी सुंता करून घ्यावी. ते बिचारे तयार होतात. तिसऱ्या दिवशी माणसं वेदनेनं आडवी पडलेली असताना शिमोन आणि लेवी तलवारी घेऊन नगरात शिरतात आणि एकूण एक पुरुष कापून काढतात. याकोब रागावतो, पण कशासाठी? आजूबाजूचे लोक आता आपल्यावर उठतील म्हणून. मुलं त्यालाच उलट विचारतात, आमच्या बहिणीला कुणी कसंही वागवावं का? या प्रश्नावर अध्याय संपतो.

या सगळ्यात शखेम बोलतो, त्याचा बाप बोलतो, भाऊ बोलतात, याकोब बोलतो. दीना एक शब्दही बोलत नाही.

अनिता डायमंट या अमेरिकन ज्यू लेखिकेनं १९९७ साली ‘द रेड टेंट’ ही कादंबरी लिहिली, ती दीनाच्या तोंडून. सुरुवातीला या पुस्तकाचा काही गाजावाजा झाला नाही. मग एकीनं वाचून दुसरीला दिलं, वाचनगटांमधून ते फिरलं आणि बघता बघता लाखो प्रती खपल्या. पुढे २०१४मध्ये त्यावर दूरचित्रवाणी मालिकाही आली. कादंबरीतला लाल तंबू म्हणजे बायकांनी महिन्याचे ते दिवस काढायची जागा. आपल्याकडच्या जुन्या ‘बाजूला बसण्या’ची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. फरक एवढाच, की डायमंटबाईंच्या तंबूत विटाळाची भावना नाही. तिथे लेआ, राहेल, जिल्पा आणि बिल्हा बसतात, हसतात, एकमेकींना आपल्या आयांच्या गोष्टी सांगतात आणि छोटी दीना ऐकत असते. असा तंबू प्राचीन काळी त्या लोकांत होता, याला पुरावा नाही. बीज मात्र ‘उत्पत्ती’तच आहे. ३१व्या अध्यायात राहेल बापाच्या घरातल्या देवमूर्ती चोरून आणते, उंटाच्या खोगिरात लपवते आणि त्यावर बसून राहते. बाप झडती घ्यायला आला तेव्हा ती सांगते, मला उठता येत नाही, माझी अडचण आहे. त्या एका सबबीतून लेखिकेनं अख्खा तंबू उभा केला!

हे काम आपल्याला नवं नाही. महाभारतातल्या एका उपाख्यानाची खांडेकरांनी १९५९मध्ये ‘ययाति’ केली आणि ययाती, देवयानी, शर्मिष्ठा यांना आपापली बाजू मांडायला लावली. पण एक फरक आहे. महाभारतातली देवयानी मुळातच भरपूर बोलते. तिला तोंड फोडायला कादंबरीकाराची गरज नव्हती. बायबलचा निवेदक कमालीचा कंजूष. काय घडलं ते सांगेल, मनात काय होतं ते सहसा सांगणार नाही. नोहाच्या बायकोचं नावसुद्धा तो देत नाही. म्हणून या गाळलेल्या जागा भरण्याची ज्यू धर्मपंडितांची फार जुनी परंपरा आहे, तिला ‘मिद्राश’ म्हणतात. बायबलची कथा आपल्या भाषेच्या घाटात बसवण्याचं एक मोठं काम मराठीतही झालं आहे. गोव्यातले इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स यांनी ओवीत रचलेलं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं. बायबलची कथा पुराणाच्या वळणानं ऐकायची मराठी कानांची सवय अशी चारशे वर्षांची आहे.

कादंबरीकारांत सर्वांत मोठा उद्योग केला तो टोमास मान यांनी. योसेफाची गोष्ट ‘उत्पत्ती’त चौदाएक अध्यायांत आटोपते. मान यांनी तिच्यावर चार खंड लिहिले, १९३३ ते १९४३ या काळात ते प्रसिद्ध झाले. ती गोष्ट फार गोड आहे पण फारच थोडक्यात सांगितली आहे, असं ग्योटे म्हणून गेला होता. मान यांनी ते मनावर घेतलं. काळ लक्षात घ्या. पहिला खंड बर्लिनमध्ये निघाला तेव्हा हिटलर सत्तेवर आला होता आणि मान स्वतः देशाबाहेर होते. शेवटचा खंड त्यांनी अमेरिकेत पुरा केला. ज्या वर्षांत ज्यूंना माणसातून उठवलं जात होतं, त्याच वर्षांत एक जर्मन लेखक ज्यूंच्या मूळपुरुषांची गोष्ट जर्मन भाषेत प्रेमानं, विनोदानं, पानंच्या पानं सांगत बसला होता. मला यापेक्षा वेगळं शौर्य त्या पुस्तकाकडून नको आहे.

सगळ्यांनाच अशी वाचकांची कृपा लाभत नाही. येशूवर कादंबरी लिहिणाऱ्या जुझे सारामागो यांचं पुस्तक १९९२मध्ये पोर्तुगालच्या सरकारनंच एका युरोपीय पुरस्काराच्या यादीतून काढलं. श्रद्धा दुखावण्याचा मुद्दा मी थट्टेवारी नेणार नाही. पण आज मला वेगळ्याच दुखण्याबद्दल बोलायचं आहे.

योसेफाला भाऊ कोरड्या विहिरीत टाकतात आणि २० रुप्यांना विकतात, तो प्रसंग ३७व्या अध्यायात आहे. तिथे योसेफ गप्प. वाचणाऱ्याला वाटतं, पोरगं रडलं कसं नाही? पुढे पाच अध्यायांनंतर तेच भाऊ अडचणीत सापडतात आणि आपसात कबूल करतात, की तो गयावया करत होता, आपण ऐकलं नाही. म्हणजे तो बोलला होता. निवेदकानं ते मागे ठेवलं आणि अपराध्यांच्या तोंडून बाहेर काढलं. दीनाच्या वाट्याला ते पुढचं पानच आलेलं नाही.

म्हणून ‘द रेड टेंट’ वाचताना मला आनंद झाला आणि मध्येच अडखळायलाही झालं. कादंबरीत दीनाचं त्या राजपुत्रावर प्रेम आहे. जबरदस्ती नाहीच, भावांनी आपल्या मानापमानासाठी तिचा नवरा मारला. मूळ हिब्रू क्रियापदाच्या अर्थावर विद्वानांत मतभेद आहेत, त्यामुळे लेखिकेला हा वाव होता. तरी शंका राहते. मुकीला वाचा दिली, पण तिचं सांगणं तर बदललं नाही?

आमच्या शेजारी एक आजी राहायच्या. मराठी ख्रिस्ती कुटुंबातल्या, रोज पहाटे बायबल वाचणाऱ्या. कादंबरीची गोष्ट मी त्यांना सांगितली. त्या रागावतील अशी मला भीती होती. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “म्हणजे तो शखेम चांगला होता म्हणतेस?”

“कादंबरीत तरी चांगला आहे, आजी.”

“चांगला असता तर फार बरं झालं असतं गं. पण नसला तर? मग तिच्याकडून कोण लिहिणार?”

मग त्यांनी मला विचारलं, पुढे तिचं काय होतं? मी सांगितलं, ती माहेर सोडते, मिसर देशात जाते, सुईण होते, तिला मुलगा होतो. आजींनी चष्मा लावला आणि ४६वा अध्याय काढला. याकोबाचं सगळं कुटुंब दुष्काळात मिसरला निघतं, त्यांची यादी तिथे आहे. बोटानं ओळ दाखवत त्या म्हणाल्या, “हे बघ, दीना. आणि वर बघ. शिमोन. लेवी. सगळे एकत्रच निघालेत.”

मी ती यादी आधी कधी नीट वाचली नव्हती.

“इतकी वर्षं त्याच घरात होती,” आजी म्हणाल्या. “त्यांनाच वाढत असेल. त्याच्यावर कुणी लिहिलंय का, बघ की.”